आरनटोलच्या झऱ्याची नोंद

मंसिर २, सोमवार

ही वही आज सुप्रभा मिसने दिली. कडक पुठ्ठ्याची, शंभर पानी. पुढच्या बाजूने रोज झऱ्याची नोंद करायची आहे: तारीख, वेळ, पाणी किती, रंग दिसला की नाही. ती म्हणाली, पंधरा दिवसांत दहा पानंसुद्धा भरणार नाहीत आमा, उरलेली तुमची. म्हणून मी वही उलटी धरून मागच्या बाजूने माझं लिहायला बसले आहे.

ती काठमांडूहून आली आहे. आमची नदी धबधब्यावरून खाली पडते आणि पडते तिथेच जमिनीत शिरते. पुढे कुठे जाते कुणाला ठाऊक नाही. शंकराच्या गुहेतला पुजारी म्हणतो पाताळात. माझे दीर लोकबहादूर म्हणतात, सरळ काशीला. मिसला ते शोधायचं आहे. नदीत रंग टाकायचा आणि खालच्या चार झऱ्यांवर चार माणसं बसवायची. ज्या झऱ्याला रंग येईल ते आपल्या नदीचं पाणी. लिहिता-वाचता येणारं, दिवसभर रिकामं असलेलं माणूस हवं म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी गुहेच्या पायऱ्यांवर द्रोण आणि फुलं विकते आणि गिऱ्हाईक नसलं की वाचत बसते, हे आमच्या सगळ्या सिमलडांडा गावाला माहीत आहे. माझ्या लेकीच्या, झुमाच्या शाळेच्या पुस्तकांवरून मी वाचायला शिकले. ती पाठ म्हणायची, मी चुलीपुढून ऐकायची आणि ती झोपली की अक्षरं जुळवायची.

मला मिळाला आरनटोलचा झरा. झुमाच्या गावचा.

झुमा आरनटोलला दिली असं लोक म्हणतात. दिली नाही, ती गेली. तिचा नवरा टेकेंद्र विश्वकर्मा लोहार आहे. पाच वर्षं झाली. मी तिच्या घरचं पाणी पीत नाही. लोकांना वाटतं जातीमुळे. तसं नाही. मी चार अक्षरं वाचणारी बाई आहे, कायदा काय म्हणतो ते मला माहीत आहे. माझं कारण वेगळं आहे. तीन वर्षांपूर्वी भदौच्या पावसात झुमाचे बुबा त्या धबधब्याच्या भोकात गेले. नवऱ्याचं नाव मी जन्मात तोंडाने घेतलं नाही, पण लिहायला कुणाची हरकत असणार? पदमबहादूर. खडकावर टोपी आणि विळा सापडला. ते सापडले नाहीत. कुशाचा पुतळा करून जाळला. आरनटोल धबधब्याच्या बरोबर खाली आहे. ज्या पाण्यात ते आहेत ते पाणी मी तोंडात कसं घेऊ?

त्याआधीची दोन वर्षं मी तिकडे गेलेच नाही. तेव्हा माझा गुडघा दुखायचा.

मंसिर ५, गुरुवार

आज रंग टाकला. पूड शेंदरी होती. पाण्यात पडली आणि हिरवी झाली, भाताच्या कोवळ्या रोपासारखी हिरवी. सगळे "ओहो" म्हणाले. पुजारी मात्र चिडला होता.

"देवाच्या पाण्यात रंग कालवता? शंकराला होळी खेळायला लावता?"

मिस म्हणाली, "बाजे, शंकराने विष प्यायलं होतं. ही तर नुसती पूड आहे. कुणाला काही होत नाही हिने."

पुजारी सगळं होईपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी गुहेत उतरले. दर महिन्याला नवा चंद्र दिसला की जाते, पण आज मध्येच गेले. शिवलिंगाच्या मागे अजून खाली गेलं की एक फट आहे, तिथून धबधबा आतल्या बाजूने दिसतो. वरून पाहिला तर तो पडतो. आतून पाहिला तर कुणीतरी त्याला ओढून नेतंय असं वाटतं. हिरवं पाणी माझ्यासमोरून गेलं आणि काळोखात शिरलं. मी नेहमीसारखा द्रोण सोडला, त्यात तीळ आणि एक झेंडू. झुमाच्या बुबांना नेहमीचाच प्रश्न विचारला: तुम्ही इथे काय करत होतात?

कारण त्या संध्याकाळी ते माझ्या द्रोणांसाठी सालाची पानं आणायला गेले होते. सालाचं रान पूर्वेच्या डोंगरावर आहे. धबधबा पश्चिमेला. तीन वर्षं मी हे डोक्यात उलटंसुलटं करते आहे.

मंसिर ६

सकाळी आरनटोल. मोठ्या वाटेने उतरायला पाऊण तास. गुडघा ठीक होता.

झऱ्यापाशी टेकेंद्रची आई भांडी घासत बसली होती. सानीमाया. माझ्यापेक्षा मोठी आहे, दात तीन-चार, जीभ पुरी.

"या, या समधिनी, विहीणबाई! रस्ता विसरला नाहीत म्हणायचा. मला वाटलं खाली यायचं तर तुम्हाला हेलिकॉप्टर लागेल."

मी म्हटलं, "सरकारी काम आहे."

"मग बरोबर. सरकारच तुम्हाला आमच्या दारात आणू शकतं. लेकीची काय बिशाद!"

मिसने दिलेली कोळशाची पुरचुंडी मी झऱ्याच्या तोंडाशी दोरीने बांधली. डोळ्यांना रंग दिसला नाही तरी कोळसा तो धरून ठेवतो म्हणे. रोज एक काढायची, डबीत घालायची, तारीख लिहायची. सानीमाया सगळं पाहत होती. "कोळसा? कोळसा तर लोहाराकडे पोत्याने आहे. काठमांडूहून कशाला आणला?"

मग झुमा आली. सहावा महिना आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यामागून रेश्मी, चार वर्षांची, माझ्याकडे पाहून आईच्या मागे लपली. झुमाने चहाचा पेला आणला होता. मी म्हटलं, बाटली आणली आहे.

"बाटलीत काय आहे, गंगा?" सानीमाया.

"घरचं पाणी."

झुमाने पेला दगडावर ठेवला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आमा, पूस महिना लागला की आम्ही बुटवल शहरात जाणार. यांनी तिथे खिडक्यांच्या ग्रिलचं दुकान घेतलंय. मग तुला बाटली वाहायला नको."

पूस लागायला तीन आठवडे आहेत.

मी तिला माझं कारण सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं. बुबांचं, पाण्याचं. पाणी भरायला आलेल्या तीन बायका ऐकत होत्या.

"म्हणजे रंग आला नाही तर पिशील?" झुमाने विचारलं.

"पिईन."

"सगळ्यांसमोर म्हणालीस हं."

"म्हणाले ना."

सानीमाया म्हणाली, "लिहून घे गं तिच्याकडून. वाचणारी बाई आहे, लिहिलेलं मानते."

चहा तसाच राहिला. मी निघताना त्यात मुंगी होती.

मंसिर ७

रंग नाही. पाणी भरपूर, पस्तीस आकडे मोजेस्तोवर हंडा भरतो.

मंसिर ८, रविवार

रंग नाही.

घरी आले तर अंगणात लोकबहादूरची बायको तांब्या घेऊन उभी. आत सोन्याची फुली टाकलेलं पाणी. सुनपाणी, विटाळ घालवायचं. मी काही बोलायच्या आत माझ्या अंगावर शिंपडलं.

"दिदी, लोहारवाड्यात दिवस काढून येता, मग देवाला फुलं विकता. लोक मला विचारतात."

मी तिला चांगलीच बोलले. कुठल्या काळात राहतेस, पेपर वाचत जा म्हटलं. ती म्हणाली, "तांब्या तुमचाच आहे."

तो माझाच होता. झुमाच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी तिचे बुबा तिच्याकडे जाऊन यायचे, तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहून त्यांच्यावर शिंपडायची. ते डोळे मिटून हसत उभे राहायचे, पावसात म्हैस उभी राहते तसे. एकदा मी म्हटलं, आता तिकडचं पाणी पिऊन आलात तर माझ्या चुलीपाशी येऊ नका. त्यानंतर त्यांनी जाणं सोडलं. आमच्या अंगणातून मोठी वाट पार खालपर्यंत दिसते. मी पाहायची. ते कधी दिसले नाहीत.

हे मी इथे का लिहिलं? तांब्यावरून आठवलं.

मंसिर १०, मंगळवार

आज मी पुढच्या बाजूला लिहिलं: "पाणी किंचित हिरवट."

सकाळी उन्हाची तिरीप झऱ्याच्या तळाशी गेली होती, तेव्हा दिसलं. मला दिसलं. मिसला फोन केला. ती आनंदली, म्हणाली बाटलीत भरून ठेवा, मी परवा-तेरवा येते. बाटली भरली. बाटलीत पाणी पाण्यासारखंच दिसत होतं.

झुमाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच. मग आत गेली आणि कपडे बांधायला लागली. अजून पंधरा-वीस दिवस आहेत, आत्तापासून कशाला बांधतेस म्हटलं, तर म्हणाली, "काम लवकर उरकलेलं बरं."

मला वाटलं होतं मोकळं वाटेल.

मंसिर ११

आज झऱ्यावर कुणी नव्हतं. पस्तीस आकड्यांत भरणारं पाणी नुसतं वाहून जात होतं.

रंगाला कुणी घाबरलेलं नाही. रंग आला म्हणजे धबधब्याचं पाणी, आणि धबधब्यात माणूस गेला आहे. एवढंच त्यांना पुरलं. आरनटोलच्या सगळ्या बायका ओढ्यापलीकडच्या टाकीवर गेल्या, जाऊन-येऊन तास. झुमाही. पोटावर हात, डोक्यावर घागर, मागे रेश्मी छोटी बाटली घेऊन. मी उठले, म्हटलं दे इकडे. ती म्हणाली, "नको आमा, तुला गुडघा आहे."

सानीमाया एकटी झऱ्यावर आली. लोटा भरला, माझ्याकडे पाहत घटाघट प्यायली. मग दुसरा भरला.

मी म्हटलं, "समधिनी, तुम्हाला चालतं?"

"का चालू नये?" तिने तोंड पुसलं. "जिवंत होता तेव्हा याच दगडावर बसून रोज प्यायचा. आता मेला म्हणून मला त्याचा विटाळ होय?"

मी विचारलं, कोण.

"कोण म्हणजे? माझा समधी! तुझा नवरा! दोन वर्षं एक दिवस चुकला असेल तर शपथ. रेश्मी झाल्यावर तर विचारू नको. तिला मांडीवर घेऊन बसायचा आणि पलटणीतल्या थापा मारायचा. मी म्हणायची, अहो, पानं कधी तोडणार, तुमची मालकीण वर वाट बघतेय. उठायचं नाव नाही."

"पानं इथे आहेत?"

"हे काय मागे रान आहे! तुझ्या देवाचे द्रोण कुठल्या पानांचे होते असं वाटलं तुला? आम्हीच तोडायचो. मी, झुमा, टेकेंद्र. याच झऱ्याच्या पाण्यात भिजवून फडक्यात बांधून द्यायचो, तुझ्यापर्यंत पोचेस्तो सुकू नयेत म्हणून." मग ती थांबली. माझ्या तोंडाकडे तिने पाहिलं असावं. "तुला माहीत नव्हतं? वाचणाऱ्या बाई, तुला खरंच माहीत नव्हतं?"

पानं नेहमी ओली असायची. मी म्हणायची, वर दव पडलं वाटतं. ते म्हणायचे, हो, पडलं. संध्याकाळी.

मंसिर १२, गुरुवार

आज आरनटोलला गेले नाही. पुरचुंडी बदलली नाही. नोंद कोरी आहे.

धबधब्यावर गेले. यात्रेकरू नव्हते. टोपी सापडली तो खडक लोखंडी कठड्याच्या बाहेर आहे. कठडा नंतर लावला. खडकाच्या डाव्या अंगाला करवंदीसारख्या काटेरी जाळ्या आहेत. त्या मी आजवर कधी हलवून पाहिल्या नव्हत्या. आज काठीने बाजूला केल्या. मागे वाट आहे. आता गवत माजलंय, पण पायऱ्या खोदलेल्या आहेत, विळ्याने खोदाव्या तशा, एका माणसाच्या पावलाएवढ्या. मी बसत बसत उतरले. एका जागी शेवाळाने पाय सरकला आणि मुळी धरली. वाट आरनटोलला टेकेंद्रच्या भात्यामागे निघते. वीस मिनिटं लागली. वाटेत एकही घर नाही.

आमच्या अंगणातून मोठी वाट सगळी दिसते. ही दिसत नाही.

हे मी लिहून ठेवते. याच्यापुढचं वाक्य मला लिहिता येत नाही.

मंसिर १३

सकाळी जाऊन झऱ्याच्या तळात हात घातला. बोटांना हिरवं लागलं. शेवाळ. दगडावर हिरवं होतं, पाण्यात नव्हतं. मला त्या दिवशीही हे माहीत होतं का? विचार केला. उत्तर आलं, ते इथे लिहीत नाही, मला ठाऊक आहे एवढं पुरे.

पुढच्या बाजूला दहा तारखेची ओळ खोडली. वर लिहिलं: "चूक. शेवाळ होतं. नोंद करणारीची चूक." बारा तारखेपुढे लिहिलं: "गैरहजर." मग टाकीच्या वाटेवर जाऊन उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं. एक जण म्हणाली, "दोन दिवस मान मोडली आमची, काकी! तुमचे डोळे तपासून घ्या." मी म्हटलं, घेते.

झुमाने घागर उतरवली. "मग आता?"

"आता काठमांडूहून कोळशाचं उत्तर येऊ दे."

"तोवर बाटली?"

सानीमाया पलीकडून ओरडली, "राहू दे गं! कागद येऊ दे तिचा. कागदाशिवाय तिच्या घशाखाली उतरत नाही."

मी आजही बाटलीच आणली होती. घरून निघताना हातात घेतली होती, नेहमीची सवय. दिवसभर उघडली नाही. तशीच कोरड्या घशाने बसले.

मंसिर १६, सोमवार

मिस आली, डब्या मोजून नेल्या. खोडलेली ओळ आणि "गैरहजर" दोन्ही पाहिलं. मला वाटलं रागावेल. म्हणाली, "आमा, चूक खोडून सही करणारी माणसं आमच्या विभागातसुद्धा कमी आहेत." वही माझ्याकडेच राहिली, तिने पुढच्या पानांचे फोटो काढून घेतले.

जाताना तिने विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, रंग यावा की येऊ नये?"

मी म्हटलं, मला कळत नाही. खरं तर कळत होतं. रंग यावा असं वाटत होतं. आला तर माझं कारण खरं ठरतं. खरं ठरलं तर मी तेवढीच वाईट ठरते, त्याहून जास्त नाही.

मंसिर २१

पायऱ्यांवर विक्री बेताची. पुस्तक उघडलं, एकाच पानावर दुपार गेली. घरात बसवत नाही, बाहेर उभं राहवत नाही. तीनदा मोठ्या वाटेच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. सुनपाण्याचा तांब्या घासला आणि त्यात झेंडू लावला.

मंसिर २६, गुरुवार

मिसचा फोन सकाळी आला. रंग पार पलीकडच्या खोऱ्यात निघाला, केवरा ओढ्यात, आमच्या डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, मिसने तिकडे नुसती खात्रीसाठी एक पुरचुंडी बांधून ठेवली होती. आरनटोलच्या एकाही पुरचुंडीत काही नाही. "तुमचा झरा पूर्ण वेगळा आहे आमा. त्या पाण्याचा धबधब्याशी काहीही संबंध नाही."

म्हणजे ते या पाण्यात नव्हतेच कधी. ते दुसरीकडेच वाहत गेले, आणि मी तीन वर्षं या झऱ्याकडे पाठ फिरवून होते.

मी धबधब्याच्या वाटेने उतरले. बसत बसत. बाटली घेतली नाही.

झुमाच्या घरात अर्धं सामान बांधलेलं होतं. टेकेंद्र भात्यापाशी होता. मला भात्यामागून येताना पाहून त्याच्या हातातला चिमटा खाली पडला. एवढ्या वर्षांत त्या बाजूने फक्त एकच माणूस येत असे.

मी म्हटलं, "झुमा, कागद आला. रंग नाही."

ती उभी राहिली.

मी म्हटलं, "कागद नसता आला तरी..." आणि पुढचं आलं नाही. म्हणून म्हटलं, "पाणी दे."

तिने लोटा भरून आणला आणि वरून ओतायला उचलला, माझे ओठ लागू नयेत म्हणून. आमच्या घरात ती हेच पाहत वाढली. मी ओंजळ केली नाही. लोटा तिच्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि प्यायले. रेश्मी म्हणाली, "बुढी आमा सगळं संपवतेय!" सानीमाया दारात होती. ती काही बोलली नाही, आणि ती गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मग म्हणाली, "अजून हवं तर झरा तिथेच आहे. बुटवलला नेत नाहीयेत."

झुमा रडली. मी रडले नाही. मी तिला सांगितलं, बुबा ज्या वाटेने यायचे तिला एका जागी शेवाळ आहे, मुळी धरावी लागते. ती म्हणाली, "माहीत आहे, आमा." एवढंच. तिला किती दिवसांपासून माहीत आहे ते मी विचारलं नाही.

सोमवारी ते जाणार. पूसमध्ये मी केवरा ओढ्यावर जाईन, तीळ आणि झेंडू घेऊन. मग बुटवलला, बाळ झालं की.

निघताना सानीमायाने फडक्यात बांधलेली पानं हातात दिली. ओली होती. घरी येईपर्यंत माझ्या चोळीची बाही भिजली. आता त्यांचेच द्रोण लावून झाले आहेत, उद्या गुहेत लागतील. मी पानं पुसली नाहीत.

वही सुलटी करून पुढच्या बाजूला एक शेवटची ओळ लिहिली. मिसने मागितलेली नाही, तरी लिहिली.

मंसिर २६. वेळ: दुपार. रंग: नाही. पाणी: थंड, गोड. नोंद करणारीने पिऊन पाहिलं.